वृद्ध घोड्याचा चारा आणि चंदी
नाजूक पोटाच्या जनावरासाठी खाद्याची निवड

भाकरी का करपली, पान का सडले आणि घोडा का अडला, या तीन प्रश्नांना ‘न फिरविल्यामुळे’ हे एकच उत्तर देणारा उखाणा महाराष्ट्रातील लहान मुलांनाही ठाऊक आहे. तरण्या घोड्याच्या बाबतीत ते उत्तर पुष्कळ अंशी खरे असते. परंतु सोळा-अठरा वर्षे इमानाने राबलेला घोडा जेव्हा तोबऱ्यातून मध्येच तोंड बाहेर काढतो, अर्धवट चघळलेल्या गवताचे बोळे खाली टाकतो आणि चालता चालता एकाएकी थांबून आपल्या पोटाकडे वळून पाहतो, तेव्हा त्याच्या अडण्याचे कारण फिरविण्यात नसून खाण्यात असते. ते कारण वेळीच ओळखले, तर असा घोडा आणखी काही वर्षे सुखाने जगतो व झेपेल तेवढे कामही करतो. ते न ओळखल्यास एखाद्या रात्री पोटशूळ उठून सकाळपर्यंत ठाण रिकामे होण्याचा संभव असतो.

मोटारीच्या प्रसारामुळे घोड्याचे पूर्वीचे महत्त्व कमी झाले असले, तरी ते संपलेले नाही. माथेरानच्या तांबड्या मातीच्या वाटांवर प्रवाशांना घेऊन जाणारे घोडे, लग्नसराईत वरातीपुढे चालणाऱ्या घोड्या, मेंढपाळ धनगरांचा संसार पाठीवर घेऊन गावोगाव हिंडणारी दख्खनी तट्टे, आणि तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत विक्रीस येणारी उमदी जनावरे पाहिली, म्हणजे घोड्यावर उपजीविका असणारी कुटुंबे आजही आहेत हे ध्यानात येते. अशा कुटुंबात म्हातारा घोडा हा बहुधा सर्वांत शहाणा, सर्वांत विश्वासू आणि लहान मुलाच्या हाती निर्धास्तपणे लगाम द्यावा असा असतो. चांगली निगा राहिल्यास घोडा पंचवीस वर्षे व त्याहूनही अधिक जगतो. म्हणून त्याच्या उतारवयातील खाद्याचा विचार हा दयेइतकाच हिशेबाचाही विषय आहे.

नेहमी घडणारी चूक

उदाहरणादाखल असे समजू की, एका कुटुंबाजवळ अठरा वर्षांची, सुमारे २५० किलो वजनाची घोडी आहे. लग्नसराईत ती वरातीला जाते. दोन वर्षांपासून तिच्या फासळ्या दिसू लागल्या आहेत व अंगावरील तकाकी गेली आहे. घरातील माणसे मायेची आहेत. घोडी वाळली, म्हणून त्यांनी तिचा हरभरा वाढविला. पूर्वी एक किलो मिळत असे, तो आता अडीच किलो मिळू लागला, आणि ताकदीसाठी वर पावशेर गूळही येऊ लागला. ही सर्व चंदी रात्री एकाच तोबऱ्यात दिली जाते. वरातीच्या दिवशी दुपारपासून मध्यरात्रीपर्यंत घोडी उपाशीच उभी असते, कारण सजविलेल्या घोडीपुढे गवत टाकण्याची रीत नाही. गवत म्हणून कडबा समोर असतो, परंतु त्याची जाड धांडे तशीच पडून राहतात.

इतके करूनही घोडी अधिकच वाळते. महिन्या-दोन महिन्यांनी तिच्या पोटात दुखू लागते. तेव्हा ‘आता हिचे वय झाले’ असे म्हणून सर्वजण स्वस्थ बसतात. वास्तविक येथे वयाचा दोष थोडा आहे. दोष खाद्याचा प्रकार, त्याचे प्रमाण आणि वेळ या तीन गोष्टींचा आहे. तो कसा, हे समजण्यासाठी घोड्याच्या पोटाची रचना पाहणे अगत्याचे आहे.

घोड्याचे पोट बैलासारखे नाही

बैल घाईघाईने चारा गिळतो व मागाहून निवांत रवंथ करतो. घोडा रवंथ करीत नाही. त्याला एकच जठर असते, आणि शरीराच्या मानाने ते फार लहान असते. मोठ्या घोड्याच्या जठरातदेखील सुमारे ८ ते १५ लिटर एवढेच मावते. तट्टाचे त्याहूनही लहान. जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू इतका घट्ट असतो की, घोड्याला ओकारी होत नाही. जे आत गेले, ते पुढेच जावे लागते. यास्तव लहान जठरात एकाच वेळी पुष्कळ दाणा कोंबणे धोक्याचे ठरते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. माणसाच्या जठरात मुख्यतः जेवणाच्या वेळी आम्ल स्रवते. घोड्याच्या जठरात ते रात्रंदिवस स्रवत राहते, मग त्यात अन्न असो वा नसो. सृष्टीने घोड्याला दिवसाचे सोळा-सोळा तास थोडे थोडे चरण्यासाठी घडविले असल्यामुळे ही व्यवस्था योग्यच होती. या आम्लावर उतारा म्हणजे लाळ. तिच्यात आम्लाची तीव्रता मारणारे क्षार असतात. परंतु घोड्याची लाळ केवळ चघळतानाच सुटते. एक किलो वाळलेले गवत खाताना घोडा तीन हजारांवर वेळा दाढा हलवितो. तेवढाच दाणा खाताना सुमारे हजार वेळाच. म्हणजे गवताने लाळ अधिक, दाण्याने कमी, आणि उपासात जवळजवळ नाहीच.

जठराच्या खालच्या भागाला आम्लापासून रक्षण करणारे बुळबुळीत अस्तर असते. वरच्या भागाला ते नसते. पोट रिकामे असताना घोडा पळविला, तर आम्ल उसळून या उघड्या भागावर पडते व तेथे व्रण होतात. सहा तासांहून अधिक काळ पोट रिकामे राहिल्यास हा धोका वाढतो. वरातीच्या घोडीची हीच गत होते.

आता दाण्याकडे पाहू. दाण्यातील पिष्ट लहान आतड्यात पचावयास हवे. एका वेळी फार दाणा दिला, तर त्याचा काही भाग न पचता मोठ्या आतड्यात जातो. तेथे चाऱ्यातील तंतू कुजवून त्यांतून घोड्याला शक्ती मिळवून देणारे असंख्य सूक्ष्म जंतू असतात. पिष्ट तेथे पोहोचताच आंबते, आम्ल तयार होते, उपकारक जंतू मरतात, आणि वायू, पोटशूळ, पातळ लीद व खुरांना सूज येऊन घोडा लंगडा होणे अशी संकटांची मालिका सुरू होते. म्हणजे वाढविलेला हरभरा घोडीच्या अंगी तर लागलाच नाही, उलट चाऱ्यातून मिळणारे पोषणही त्याने बिघडविले.

प्रथम दात पाहावेत

घोड्याच्या दाढा आयुष्यभर दरवर्षी दोन-तीन मिलिमीटर वर येत राहतात व चघळण्याने झिजत जातात. झीज सारखी न झाल्यास वरच्या दाढांच्या गालाकडील कडांना व खालच्या दाढांच्या जिभेकडील कडांना धार येते. त्या धारेने गाल व जीभ सोलवटतात. पुढे वय वाढले, म्हणजे दाढा हलू लागतात, पडतात किंवा झिजून सपाट होतात. मग गवत दळले जात नाही.

याची लक्षणे कोणासही ओळखता येतात. घोडा खाताना डोके एका बाजूस कलते करतो. लाळेने भिजलेले गवताचे बोळे खाली टाकतो. तोंडास दुर्गंधी येते. लिदीत अख्खे दाणे किंवा बोटाच्या पेराएवढे लांब गवताचे तंतू दिसतात. यांपैकी एकही लक्षण आढळल्यास खाद्य बदलण्यापूर्वी पशुवैद्याकडून तोंड तपासून घ्यावे. त्यासाठी घोड्याला गुंगी देऊन जबडा उघडा ठेवण्याचे साधन लावतात व कानशीने दाढांच्या धारा घासून काढतात. हे काम अर्ध्या-पाऊण तासाचे असून, वृद्ध घोड्यासाठी ते वर्षातून एकदा तरी, व दात खराब असल्यास दोनदा करून घेणे इष्ट होय. दात दुरुस्त झाल्यावर त्याच चाऱ्यावर घोडा अंग धरू लागल्याचे अनेकदा आढळून येते.

याच वेळी लिदीची तपासणी करून जंतांचे औषध द्यावे. पावसाळ्यानंतर घोड्याच्या पुढच्या पायांच्या केसांवर चिकटलेली बारीक पिवळसर अंडी दिसतात. ती एका माशीची असतात. घोडा पाय चाटतो तेव्हा ती पोटात जातात व अळ्या जठराच्या अस्तराला चिकटून बसतात. ही अंडी खरवडून काढावीत.

जठराच्या व्रणाची लक्षणे म्हणजे चंदी अर्धवट टाकणे, खाऊन झाल्यावर थोडे दुखणे, तंग ओढताना चावावयास येणे, दात खाणे, पाठीवरची तकाकी जाणे व वजन घटणे ही होत. व्रणाचा पक्का निर्णय सुमारे तीन मीटर लांबीची दुर्बीण-नळी जठरात घालूनच करता येतो, व ती सोय मोठ्या पशुरुग्णालयांत असते. आम्ल कमी करणारी परिणामकारक औषधे उपलब्ध आहेत. परंतु ती पशुवैद्याच्या सल्ल्यानेच द्यावीत. लंगडणाऱ्या म्हाताऱ्या घोड्याला दुकानातून आणलेली वेदनाशामक औषधे दिवसेंदिवस देण्याची प्रथा घातक आहे, कारण त्यांनीच जठर व आतडे यांना व्रण पडतात.

वैरणीची निवड

वृद्ध घोड्याच्या खाद्यात पहिला मान वैरणीचा, दुसरा चंदीचा. शरीराच्या दर १०० किलो वजनामागे रोज किमान दीड किलो शुष्क भाग वैरणीतून मिळालाच पाहिजे.

मारवेल, पवना यांसारखे डोंगरी गवत फुलोऱ्याच्या सुमारास कापून सावकाश वाळविलेले असल्यास ते उत्तम. त्याचा रंग हिरवट व वास गोड असतो. बी झडून गेल्यावर कापलेले गवत लाकडासारखे होते व झिजलेल्या दाढांना ते दळत नाही. हरळी हे घोड्याचे आवडते गवत असून कोवळी हरळी चरावयास मिळणे हे म्हाताऱ्या घोड्याचे भाग्यच होय.

लसूणघास हा नाजूक जठराच्या घोड्याचा विशेष मित्र आहे. त्यातील चुना व प्रथिने जठरातील आम्लाची तीव्रता कमी करतात आणि म्हाताऱ्या शरीराला स्नायू राखण्यासाठी लागणारी प्रथिनेही पुरवितात. तथापि दव पडलेला, ताजा कापलेला लसूणघास भुकेल्या घोड्यापुढे भारा टाकून देऊ नये. त्याने पोट फुगते. तो अर्धा दिवस सुकवून किंवा पूर्ण वाळवून द्यावा, आणि एकूण वैरणीच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक देऊ नये.

ज्वारीचा कडबा बैलाला चालतो, म्हणून म्हाताऱ्या घोड्याला चालेलच असे नाही. त्याची धांडे त्याला चावत नाहीत. कडबाच द्यावयाचा झाल्यास वरचा पाला निवडून, कुट्टी करून, भिजवून द्यावा. हिरवी ज्वारी मात्र घोड्याला घालू नये. कोवळ्या व पाण्याच्या ताणात खुरटलेल्या ज्वारीत विषारी द्रव्य असते; आणि अशा हिरव्या ज्वारीवर चरणाऱ्या घोड्यांना मूत्राशयाचा विकार होऊन मागचे पाय लुळे पडल्याचीही उदाहरणे आहेत. गव्हाचा भुसा व भाताचा पेंढा यांत सत्त्व थोडे. शिवाय कमी पाणी पिणाऱ्या म्हाताऱ्या घोड्याच्या आतड्यात त्यांचा गोळा अडकतो.

यशवंत, जयवंत यांसारखे संकरित नेपिअर गवत व उसाचे वाढे ही दुभत्या जनावरांची मोठी सोय आहे. परंतु या दोहोंत असलेले ऑक्झलेट चुन्याला बांधून ठेवते व घोड्याला तो मिळू देत नाही. गव्हाच्या कोंड्यात स्फुरद फार व चुना थोडा. म्हणून नेपिअर आणि कोंडा यांवरच वाढविलेल्या घोड्याच्या हाडांतील चुना कमी होत जातो, चेहऱ्याची हाडे सुजतात, दाढा हलू लागतात व घोडा लंगडतो. यास्तव अशा गवतावर सर्व भिस्त ठेवू नये. ते थोडे देऊन जोडीला लसूणघास अवश्य द्यावा.

ज्या घोड्याच्या दाढा निरुपयोगीच झाल्या असतील, त्याला लांब गवताऐवजी बारीक कुट्टी पाण्यात तास-दोन तास भिजवून द्यावी. कोरडी बारीक कुट्टी अधाशीपणाने खाल्ल्यास ती घशात अडकते. भिजविलेले खाद्य उन्हाळ्यात लवकर आंबते. म्हणून प्रत्येक वेळी ताजे भिजवावे, उरलेले फेकून द्यावे व तोबरा आणि घमेले धुऊन वाळवावे.

चंदीची निवड

सर्व धान्यांत घोड्याच्या पोटाला ओट सर्वांत मानवतात. त्यांतील पिष्ट लहान आतड्यात सुलभपणे पचते. म्हाताऱ्या घोड्यासाठी ते भरडून घ्यावेत. मका व ज्वारी यांत सुमारे दोन-तृतीयांश भाग पिष्टच असून कच्च्या स्थितीत ते लहान आतड्यात नीट पचत नाही. म्हणून नाजूक पोटाच्या घोड्याला ती टाळणे बरे. द्यावीच लागली, तर शिजवून व थोडी द्यावीत. हरभरा व हुलगा ही आपल्याकडील जुनी चंदी आहे. इंग्रजीत तर हुलग्याला घोड्याचा हरभरा अशा अर्थाचेच नाव आहे. दोन्हींत प्रथिने चांगली आहेत. परंतु ती रात्रभर भिजवून, शिजवून व मूठ-दोन मूठ एवढ्याच प्रमाणात द्यावीत. कच्च्या सोयाबीनमध्ये पचनास विरोध करणारे द्रव्य असते. सोयाबीनची पेंड मात्र चालते.

प्रमाणाचा नियम असा आहे की, नाजूक जठराच्या घोड्याला शरीराच्या दर किलो वजनामागे एका वेळी एक ग्रॅमहून, आणि दिवसाकाठी दोन ग्रॅमहून अधिक पिष्ट मिळू नये. वरील उदाहरणातील २५० किलोच्या घोडीला याचा अर्थ एका वेळी २५० ग्रॅम व दिवसास ५०० ग्रॅम पिष्ट. हरभऱ्यात सुमारे चाळीस टक्के पिष्ट धरले, तर अडीच किलो हरभऱ्यात ते सुमारे एक किलो होते, म्हणजे दिवसाच्या मर्यादेच्या दुप्पट आणि एका वेळच्या मर्यादेच्या चौपट. घोडी का वाळत गेली, याचे उत्तर या एका हिशेबात मिळते.

वजन वाढविण्यासाठी दाण्यापेक्षा तेल सुरक्षित आहे. सोयाबीन किंवा करडई यांपैकी कोणतेही ताजे खाद्यतेल दोन चमच्यांपासून सुरू करून तीन आठवड्यांत रोज १०० मिलिलिटरपर्यंत न्यावे. तेलात पिष्ट मुळीच नसते व शक्ती दाण्याच्या दुपटीहून अधिक असते. वापरलेले किंवा खवट तेल देऊ नये.

गूळ, मळी, लाडू व उरलेल्या पोळ्या यांचा मोह टाळावा. वृद्ध घोड्यांत मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीचा एक विकार पुष्कळदा आढळतो. त्यात उन्हाळा आला तरी अंगावरील लांब केस झडत नाहीत, पाणी व लघवी वाढते आणि खूर वारंवार दुखतात. अशा घोड्याला साखर व दाणा ही विषासमान होत. त्याची तपासणी करून घ्यावी, आणि त्याला केवळ वैरण, थोडी पेंड व क्षार यांवर ठेवावे.

घोडीचे नवे दैनिक खाद्य

घोड्याचे वजन काट्याविना काढण्याची सोपी रीत अशी: कोपराच्या लगत मागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंत लांबी सेंटिमीटरमध्ये मोजावी. घेराला घेराने गुणून त्यास लांबीने गुणावे व ११,८८० ने भागावे. घेर १५० व लांबी १३५ असल्यास वजन सुमारे २५६ किलो येते. दर पंधरवड्यास हे माप वहीत टिपून ठेवल्यास घोडा सुधारतो की खंगतो हे डोळ्यांच्या अंदाजापेक्षा अचूक कळते.

आता उदाहरणातील घोडीचे खाद्य पुढीलप्रमाणे बसविता येईल:

चांगल्या वाळलेल्या गवताची कुट्टी, भिजवून — ३ किलो
वाळलेला लसूणघास — दीड किलो
भरडलेले ओट — ५०० ग्रॅम
शिजविलेला हरभरा किंवा हुलगा (कोरडे वजन) — २५० ग्रॅम
गव्हाचा कोंडा — २५० ग्रॅम
सोयाबीनची पेंड — १५० ग्रॅम
खाद्यतेल — १०० मिलिलिटरपर्यंत
मीठ — २५ ग्रॅम
क्षारमिश्रण — पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे

वैरणीचे पाच-सहा भाग पाडून दिवसभरात द्यावेत व सर्वांत मोठा भाग रात्रीसाठी राखावा. चंदीचे तीन सारखे भाग करावेत. वैरण आधी व चंदी मागाहून हा क्रम मोडू नये. जुन्या खाद्यावरून नव्या खाद्यावर एकदम न जाता दहा ते चौदा दिवसांत थोडे थोडे बदलावे, कारण मोठ्या आतड्यातील जंतूंना नव्या अन्नाची सवय होण्यास तेवढा अवधी लागतो. खाद्य डब्याने न मोजता वजनाने मोजावे. कोंड्याचा डबा व हरभऱ्याचा डबा यांच्या वजनात फार अंतर असते.

कामास जाण्यापूर्वी अर्धा तास अर्धा-एक किलो गवत किंवा लसूणघास खाऊ घालावा. जठरात गवताचा थर असला, म्हणजे आम्ल वर उसळत नाही. वरात लांबणार असेल, तर मुक्कामाच्या ठिकाणी भिजविलेल्या कुट्टीचे एक घमेले ठेवावे. सजविलेली घोडी दहा मिनिटे गवत खाताना दिसली, तर यजमानाच्या प्रतिष्ठेस काही उणेपणा येत नाही.

स्वच्छ पाणी सदैव समोर असावे. एवढ्या घोडीला थंडीत पंधरा-वीस लिटर व उन्हाळ्यात कामाच्या दिवशी त्याच्या दुपटीपर्यंत पाणी लागते. म्हातारी जनावरे थंडगार पाणी कमी पितात. म्हणून हिवाळ्यात ते कोमट करून द्यावे. ठाण रेताड असल्यास गवत जमिनीवर न टाकता गोणपाटावर किंवा ठेंगण्या गव्हाणीत टाकावे, नाहीतर वाळू पोटात साचते. तरण्या घोड्यांच्या रांगेत म्हाताऱ्याला बांधू नये. ते त्याचे खाद्य हिसकावतात.

हे कदापि देऊ नये

गाईगुरांचे व कोंबड्यांचे तयार खाद्य घोड्याला घालू नये. त्यांपैकी काहींत मोनेन्सिनसारखी औषधे मिसळलेली असतात. गाई-कोंबड्यांना ती मानवतात, परंतु घोड्याच्या हृदयाचे स्नायू त्यांनी नष्ट होतात व अल्प प्रमाणातही मृत्यू येतो. बुरशी आलेला मका घोड्याच्या मेंदूचा नाश करतो. त्यावर इलाज नाही. बुरशीचे भुईमूग-पेंडीचे ढेप, धुळकट गवत व पावसात भिजून काळी पडलेली वैरण स्वस्त मिळाली, तरी ती महागच पडते.

संकटकाळी

घोडा लोळू लागला, पोटावर लाथ मारू लागला, घामाने डबडबला किंवा त्याची लीद बंद झाली, तर तो पोटशूळ समजावा. समोरील सर्व खाद्य काढून घ्यावे व तत्काळ पशुवैद्यास बोलवावे. शासनाच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. वैद्य येईपर्यंत घोड्यास सावकाश फिरवावे, दमवू नये. नळकांड्याने तोंडात तेल, सोडा किंवा काढा ओतू नये. ते श्वासनलिकेत गेल्यास फुप्फुसाचा दाह होऊन घोडा दगावतो. घोड्याला ओकारी होत नसल्यामुळे पोटात साचलेले बाहेर काढण्यास नाकातून नळी घालावी लागते, आणि ते वैद्याचेच काम आहे. नाकपुड्यांतून चावलेले अन्न व लाळ गळू लागली, तर घशात खाद्य अडकले असे समजून अन्न व पाणी दोन्ही बंद ठेवावीत व वैद्यास बोलवावे.

वरील पद्धतीने खाद्य बदलल्यावर पहिला फरक लिदीत दिसतो. ती घट्ट, ओलसर व तंतू बारीक असलेली होते. मग घोडी तोबरा अर्धा टाकीनाशी होते. वजन मात्र सावकाश वाढते. त्यासाठी दोन-तीन महिने धीर धरावा लागतो. इतके करूनही ती खंगतच राहिली, तर काम बंद करून पुन्हा तपासणी करावी. यकृत व मूत्रपिंड यांच्या विकारांत खाद्य निराळे लागते.

नव्या रचनेत घोडीचा दाणा अडीच किलोवरून पाऊण किलोवर आला, आणि गूळ बंद झाला. त्यातून जो पैसा वाचला, त्याचा पुष्कळ भाग लसूणघास, तेल व दातांच्या तपासणीवर खर्च होतो; म्हणजे खर्चात फार मोठी वाढ होत नाही. वाढते ते काम. दिवसातून पाच-सहा वेळा उठून कुट्टी भिजवावयाची, घमेले धुवावयाचे, लीद पाहावयाची व वहीत माप टिपावयाचे. हे काम घरातील मोठ्या मुलांकडे सोपविता येण्यासारखे आहे. ज्या घोडीच्या पाठीवर बसून ती लगाम धरावयास शिकली, तिच्या म्हातारपणाची चाकरी त्यांच्या हातून घडावी, हे योग्यच होय.